जनूभावजींची साडेचार फुटांची पट्टी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी टेनिस कोर्टावर वाल पेरले.

आता हे मी हसत सांगते, पण तेव्हा मोठ्या हुशारीनं केलं होतं. वय वीस, कडावच्या ह्या घरात आपण काहीतरी करून दाखवायचं असा पक्का निश्चय, आणि कुणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणा, अशी समजूत. त्या वयात मला सगळंच कळत होतं. पुढं एकेक कळेनासं होत गेलं.

जनार्दन म्हणजे माझे धाकटे दीर. घरात त्यांना जनू म्हणत, मी जनूभावजी म्हणायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रसायनीच्या एका कारखान्याच्या क्लबात ते नुकतेच मार्कर म्हणून लागले होते. मार्कर म्हणजे कोर्टावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि एखाद्या साहेबाला समोर खेळायला कुणी मिळालं नाही की रॅकेट घेऊन समोर उभं राहायचं. सोमवारी क्लब बंद, म्हणून सोमवारी ते घरी येत. त्या वर्षी झोडणी आटोपून खळं मोकळं झालं तसा त्यांनी खळ्याला लागून असलेला वरकस, भात न होणाऱ्या जमिनीचा तुकडा साफ केला, लाकडी धुमसानं चोपला, शेणानं सारवला, क्लबानं टाकून दिलेली फाटकी जाळी मधे बांधली आणि गाठी मारलेल्या दोरीनं मोजून चुन्याच्या रेघा मारल्या. कडावात टेनिस कोर्ट झालं.

मी ओट्यावरून बघत होते. दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा, आणि त्यांच्या मधे साडेचार फुटांची लांबच लांब पट्टी. भावजी आणि आमचे हे समोरासमोर खेळायचे, आणि चेंडू त्या पट्टीत पडला की दोघंही 'आऊट' म्हणून मोकळे. असे दोन सोमवार मी पाहिले. त्या पट्टीत पडलेलं काही धरायचंच नाही, तर ती ठेवलीय कशाला? आमच्याकडे शेताच्या बांधावरसुद्धा तूर लावतात. एवढी सरळ, मोजलेली, सारवलेली जागा रिकामी सोडलेली बघून माझा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी मी ठरवलं की हे वाफेच आखलेत, पुरुष माणसं लावायचं विसरली. मंगळवारी कुदळ घेतली, दोन्ही पट्ट्या खणल्या, शेणखत घातलं आणि भिजवलेले वाल टोचले. हाताला फोड आले ते सासूबाईंना दाखवले. त्यांनीही सून कामाची निघाली म्हणून मान डोलावली.

पुढच्या सोमवारी भावजी आले तेव्हा वाल दोन पानांवर होते. हे कुणी लावलं, म्हणून त्यांनी विचारलं. सासूबाईंनी हातातल्या पळीनं माझ्याकडे दाखवलं. भावजींनी वाकून एक पान उलटं करून बघितलं. मग म्हणाले, "कडवे हायत का गोडे?"

कडवे, मी म्हटलं.

ते विहिरीवर गेले, कळशी भरून आणली आणि पट्टीला पाणी घातलं.

ती पट्टी कशाला असते ते मला पुढं काही महिन्यांनी कळलं, तेही ह्यांच्याकडून. एकाविरुद्ध एक खेळतात तेव्हा आतली रेघ धरतात. दोघांविरुद्ध दोघं खेळतात तेव्हा कोर्ट दोन्ही बाजूंनी वाढतं आणि बाहेरची रेघ धरतात. भावजींनी बाहेरची रेघ मारली होती ती ह्यांना जोडीला घेऊन खेळायचं म्हणून. तोवर ह्यांचा उत्साह संपला होता आणि माझे वाल घरात खाऊन संपले होते. मी भावजींना म्हटलं, पुढल्या वर्षी लावत नाही. ते म्हणाले, "लावा. डबल खेळायला हाय कोन?"

तेव्हापासून दर वर्षी पावसानं कोर्ट धुऊन नेलं की दिवाळीनंतर भावजी ते नव्यानं चोपतात, सारवतात, आतल्या रेघा मारतात, आणि पट्टी माझ्यासाठी सोडतात. पन्नास वर्षं झाली. दोन्ही बाजूंना वाल असलेलं टेनिस कोर्ट दुसरीकडे कुठं असेल तर मला दाखवा. त्याचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. चेंडू आत पडला की बाहेर, ह्यावर आमच्याकडे कधी भांडण झालेलं नाही. वालात गेला तो गेला.

आता गंमत अशी की गेल्या हिवाळ्यापर्यंत जनूभावजी आयुष्यात डबल्स खेळलेले नव्हते आणि डबल्सबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा माणूस रायगड जिल्ह्यात नाही. ते 'शिंगल' आणि 'डबल' म्हणतात, आणि उभी माणूसजात त्यांनी ह्या दोन ढिगांत घालून ठेवली आहे. सरपंच शिंगल, कारण तो सगळीकडे स्वतःच पळतो आणि मग धापा टाकतो. बाजारातला वाणी आणि त्याची बायको डबल, कारण ती वजन करत असते तेव्हा तो पुडीचा कागद फाडत असतो, आणि दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. नवं लग्न झालेलं जोडपं पाया पडायला आलं की भावजी आशीर्वादाआधी त्यांना चहाचे कप उचलायला लावतात. दोघांनी एकाच कपाला हात घातला की ते माझ्याकडे बघून मान हलवतात. एकदा तर नवरीकडच्या मामांसमोर म्हणाले, अजून वेळ लागंल. मामा हुंड्याचं काही राहिलंय की काय म्हणून दचकले.

भातलावणीला ते बांधावर उभे राहिले की बायका वैतागतात. दोघी शेजारी शेजारी लावत मागं सरतात तेव्हा मधे एक वीतभर पट्टा कोरडा राहतो. हिला वाटतं ती लावेल, तिला वाटतं ही. भावजी वरून ओरडतात, "मधला बॉल कोनाचा गं?" ठाकूरवाडीची मंजी एकदा त्यांना म्हणाली, तात्या, चिखलात उतरा नि तुमीच मारा. ते खरंच उतरले. पण तेव्हापासून आमच्या शेतात मधला पट्टा कोरडा राहत नाही, हेही खरं. आता बायका आपसांत 'माजा' म्हणतात आणि लावतात.

शिकवायला बसले की मात्र हाच माणूस वेगळा. निवृत्त होऊन कडावला आल्यापासून त्यांनी त्या शेणाच्या कोर्टावर किती मुलंमुली शिकवल्या त्याला गणती नाही. सिंगल्समधे सर्व्हिस करताना मधल्या खुणेजवळ उभं राहा, कारण सगळं कोर्ट तुझ्या एकट्याच्या गळ्यात आहे. डबल्समधे जरा कडेला सरक, कारण दुसरा अर्धा भाग सांभाळायला माणूस आहे. सिंगल्समधे पळणारा जिंकतो, डबल्समधे नेमका उभा राहणारा. सिंगल्समधे गप्प राहिलं तरी चालतं, डबल्समधे बोलायला लागतं. हे सगळं ते खळ्यावर चिंचोके मांडून दाखवतात. कळंबपासून खालापूरपर्यंतच्या रिसॉर्टांत शहरातल्या पाहुण्यांना टेनिस शिकवणारी जी पोरं-पोरी आहेत, त्यांतली निम्मी आमच्या वालाच्या कडेनं वाढलेली आहेत. पाहुण्यांना वाटतं, पुण्या-मुंबईहून कोच आणलाय. मला हे सांगताना छाती फुगवायची सवय आहे. ती मी लपवत नाही.

आणि स्वतः खेळायला उभे राहिले की स्वतःशी भांडतात. चुकले की "जन्या, गाढवा, कुठं बगत व्हतास?" आणि लगेच दुसऱ्या आवाजात, "बगतच व्हतो, मंग काय." मग पहिला आवाज पुन्हा दटावतो. पहिल्यांदा बघणारा माणूस चक्रावतो. आम्हाला सवय झाली होती. एकट्याच्या खेळात दुसरं कोण असतं बोलायला, असं मी म्हणायची आणि हसायची.

आमचे हे गेल्यावर संध्याकाळचं भावजींच्या समोर उभं राहायला कुणी उरलं नाही. भावजींनी लग्न केलेलं नाही. कुणी विचारलं तर 'राहिलं' एवढंच सांगतात. मग एक दिवस मीच साडी गुडघ्यापर्यंत खोचली, नातवाचे जुने बूट घातले आणि जाळीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. वय एकसष्ट. गावानं आठ दिवस करमणूक करून घेतली. पण चाळीस वर्षं भात लावलेल्या बाईला वाकून उभं राहायला शिकवावं लागत नाही. शहरातल्या बायका ते पैसे देऊन शिकतात. आता नऊ वर्षं झाली, रोज अर्धा तास आम्ही खेळतो. मी हरते, आणि जाताना वालाच्या शेंगा तोडून नेते, म्हणजे हात रिकामे जात नाहीत.

भावजी नोकरीत होते तेव्हाचे क्लबातले एक मोठे साहेब निवृत्तीनंतर कळंबजवळ बंगला बांधून राहिले आहेत. दर रविवारी आमच्याकडे येतात आणि भावजींशी सिंगल्स खेळतात. माणूस चांगला. येताना नवे चेंडू आणतात, माझ्या हातचा चहा मागून घेतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बातमी आणली की कळंबच्या रिसॉर्टात नवं कोर्ट झालंय, तिथं साठीपुढच्यांसाठी डबल्सचे सामने ठेवलेत. जोडीनं नाव द्यायचं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी सविस्तर बोलू, जनू, तुझं काम आहे.

त्या आठवड्यात आमच्या घरी लग्न ठरल्यासारखं होतं. भावजींनी केस कापून घेतले. बुटांना उरलेला चुना लावला. रोज मला शिकवायला लागले, साहेबांचा फटका कुठं जातो, त्यांचा गुडघा कसा धरतो, म्हणून मागची बाजू आपण घ्यायची आणि त्यांना जाळीजवळ ठेवायचं. खळ्यावर चिंचोके मांडले. त्यांतला एक साहेब आणि एक जनू. बत्तीस वर्षं क्लबात काढली होती ह्या माणसानं. प्रत्येक साहेबासमोर सिंगल्स खेळले होते. डबल्स असलं की चार साहेब खेळायचे आणि भावजी चेंडू वेचायचे. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि मनावर घेणं ह्यांत माझ्यासारखीचं अर्धं आयुष्य जातं. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की समोर उभं करायला मार्कर चालत होता. शेजारी कुणी त्याला कधी घेतलं नव्हतं.

रविवारी साहेब आले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते सांगत होते की पुण्याचे त्यांचे एक मित्र येणार आहेत, दोघांनी नाव दिलंय. मग भावजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जनू, तू अंपायर म्हणून ये. तुझ्याइतकी नजर कुणाची नाही."

भावजी म्हणाले, "व्हय साहेब."

त्यांनी चुना लावलेले बूट जरा बाकाखाली सरकवले. साहेबांनी पाहिलं नाही. मी पाहिलं.

मग मी जे बोलले ते विचार करून बोलले असं म्हणायला मला आवडेल, पण तसं काही नव्हतं. मी साहेबांना सांगितलं की अंपायर दुसरा बघा, भावजी खेळणार आहेत. कुणाबरोबर, म्हणून त्यांनी विचारलं. माझ्याबरोबर, मी म्हटलं. साहेबांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. भावजींच्या हातातली बशी खाली पडली. मी साहेबांना विचारलं, बायकांना बंदी आहे का. नाही म्हणाले. सत्तरीला बंदी आहे का. तीही नव्हती. मग साखर अजून आणू का, म्हणून मी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाल उपटले.

ऐन शेंगांवर आलेले. शेजारीण कुंपणावरून बघतच राहिली. भावजी मागं मागं फिरत होते, वयनी, शेंगा तरी भरू द्या, आठ दिवस थांबा, मडक्यात शेंगांची पोपटी लावू नि मंग काडा. मी थांबले नाही. पन्नास वर्षं थांबलेच होते. दोन्ही पट्ट्या मोकळ्या झाल्यावर त्यांनी धुमस घेतला. माती भुसभुशीत, दर वर्षी खत खाल्लेली. चोपून चोपून घट्ट होईना. तीन दिवस चोपली, मी सारवली. मग त्यांनी चुन्याचा डबा घेतला, दोरी नको म्हणाले, आणि आतल्या रेघेपासून पावलं टाकत जाऊन बाहेरची रेघ मारली. मी मागून टेप लावून मोजली. साडेचार फूट, बोटभरही इकडंतिकडं नाही.

आणि मग कळलं की जनूभावजींना डबल्स खेळता येत नाही.

एवढा ज्ञानी माणूस, चिंचोके मांडून लोकांना शिकवणारा, आणि स्वतः कोर्टात उतरला की सगळीकडे एकटाच पळायचा. माझ्या पायाशी आलेला चेंडू माझ्या पुढून घुसून मारायचा. मी 'माझा' म्हणेपर्यंत मारून परत जागेवर. नऊ वर्षं आम्ही जाळीच्या दोन बाजूंना होतो, एका बाजूला कधी नव्हतो. दोनदा आमची डोकी आपटली. सगळ्यात वाईट म्हणजे उंच चेंडू. भावजी जाळीजवळ, मी मागं. समोरच्यानं त्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकला की तो मी घ्यायचा, हे त्यांनीच मला दहा वेळा सांगितलेलं. पण चेंडू डोक्यावरून गेला की ते वळायचेच. मान वळवायचे, मग खांदा, मग सगळेच धावत माझ्या अंगावर. सरावाला आलेल्या त्यांच्याच दोन जुन्या विद्यार्थिनी हसून खाली बसल्या. मी शेवटी रॅकेट टेकवून त्यांना सुनावलं, "भावजी, मी इथं काय वाल राखायला उभी हाय?"

ते ओशाळले. म्हणाले, सवय हाय वयनी. मागं कोन नसतंय.

सामना रिसॉर्टात दुपारी चारला होता. निळं गुळगुळीत कोर्ट, शेणाचा वास नाही, कडेला छत्र्या आणि पाहुणे. पहिलाच सामना साहेब आणि त्यांचे पुण्याचे मित्र ह्यांच्याशी पडला. मी हिरवी साडी खोचून गेले तेव्हा कुणीतरी फोन काढला. मी म्हटलं, काढ बाबा, नीट काढ. मी खालून हात फिरवून सर्व्हिस करते, दुसरी मला येत नाही. पुण्याचे मित्र थांबले आणि असं चालतं का म्हणून विचारायला लागले. भावजींनी जाळीपाशी जाऊन त्यांना अतिशय नम्रपणे सांगितलं की नियमात चालतं, आणि वर, वयनींचा बॉल लांब येत नाय, साहेब, पुढं येऊन उभे रावा. ते पुढं आले तशी मी लांब मारली. तो गेम आमचा.

आम्ही तीन गेम घेतले. त्यांनी सहा. साठीपुढच्या दोन साहेबांकडून, निळ्या कोर्टावर, नातवाचे बूट घालून तीन गेम. हे मी आतापर्यंत कर्जतच्या बाजारात, दोन लग्नांत आणि दवाखान्याच्या रांगेत सांगितलेलं आहे. भावजी त्या सबंध सामन्यात स्वतःशी एकदाही भांडले नाहीत. चुकले की माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायची, एवढंच.

शेवटचा चेंडू साहेबांनी उंच टाकला. जाळीजवळच्या भावजींच्या डोक्यावरून, सावकाश, माझ्या बाजूला. मी तो येताना नीट पाहिला. तीन पावलं मागं गेले, रॅकेट वर केली, आणि मारली ती हवेत. चेंडू माझ्या मागं, रेघेच्या आत पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब जाळीपाशी आले, भावजींचा हात दोन्ही हातांत धरला. मग पुढच्या रविवारी चार जण जमवू म्हणाले.

आम्ही कोर्टाबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मी बूट काढायला लागले. मला रडू येत होतं, आणि ते सत्तरीच्या बाईला शोभत नाही म्हणून मी नाडीशी झटापट करत राहिले. म्हटलं, भावजी, हातातला होता. माझ्यामुळं गेला.

भावजी अजून कोर्टाकडेच बघत होते. म्हणाले, "जाऊ द्या वो वयनी. बॉल माज्या डोक्यावरनं गेला, नि मी मागं वळून बगितलं नाय."